हे बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?

“साहेब, हे बंद पडलं तर फोन कुणाला करायचा?”

शाळेतल्या शिपाईमावशींनी आज हे विचारलं आणि स्टेजवर एकदम शांतता. एका कंपनीनं सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशातून, पाण्याचं फिल्टर दिलं होतं. फीत कापून झाली, फोटो झाले. साहेब म्हणाले, “बघू की नंतर.”

मावशींचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. पोरांना पाणी त्याच भरून देणार ना!

२०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान २ टक्के भाग समाजासाठी खर्च करायला सांगतं. पैसा कायदा काढून देतो. पण नंतर चौकशी करायची सवय? ती वरच्या खुर्चीतल्या माणसाकडे बघून खाली झिरपते, असं माझं ठाम मत आहे.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीचे एक टॉवेल कारखानदार आहेत. हा कायदा लागू व्हावा एवढा त्यांचा धंदा मोठा नाही. तरी कामगारांच्या मुलींची फी भरतात, निकालाच्या दिवशी मार्कही विचारतात. आता त्यांचा मुकादमसुद्धा न सांगता विचारतो. (फक्त आपल्याच कामगारांसाठीचा खर्च कायद्यानं सीएसआरमध्ये धरलाही जात नाही.)

ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन तळं खोदलं, ही गोष्ट आपण सोलापूरकर लहानपणापासून ऐकतो. स्वतः कामाला उभा राहणारा पुढारी आपल्याला नवा नाही.

तुमच्या कंपनीत देणगीनंतर सहा महिन्यांनी कुणी परत जाऊन बघतं का?