जहीराबादची जुन्या पिकांची जत्रा

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. मैत्रिणीबरोबर सोलापूरहून पहाटेच्या हैदराबाद गाडीने निघाले आणि नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद मागे टाकत तेलंगणातील जहीराबादला उतरले. विणकामासाठी सोलापुरात स्थायिक झालेल्या तेलुगू कुटुंबातली ती असल्यामुळे दोन्ही दिवस तिनेच माझ्यासाठी दुभाष्याचे काम केले.

जवळच्या पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था 1983 पासून कोरडवाहू शेतकरी स्त्रियांबरोबर काम करते. त्या बहुतांशी दलित कुटुंबांतल्या, एकदोन एकरांच्या धनी आहेत. गावोगावी त्यांचे संघम, म्हणजे बायकांचे गट, आहेत आणि याच कामासाठी संस्थेला 2019 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दर संक्रांतीला येथे ‘पात पंटल जातर’, म्हणजे जुन्या पिकांची जत्रा, सुरू होते आणि सजवलेल्या बैलगाड्यांत टोपल्या भरभरून बियाणे घेऊन महिनाभर गावोगाव फिरते. ज्या गावी आम्ही गेलो तेथे ढोलाच्या तालावर गाड्या वेशीतून आत येत होत्या आणि घराघरांतून बायका आरती घेऊन त्यांना सामोऱ्या जात होत्या. देवाच्या पालखीला मिळावा तो मान येथे राळे, कोद्रा, बाजरी आणि तुरीच्या बियाण्याला मिळताना पाहून माझा गळा दाटून आला.

त्याला घरचे कारण आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या अक्कलकोट तालुक्यातील शेतात दुकानातून उधारीवर आणलेले सोयाबीनचे बियाणे निम्मेही उगवले नाही, दुबार पेरणी करावी लागली आणि पीक हाती येण्याआधीच कर्ज दुप्पट झाले. सेंद्रिय शेतीची चर्चा बहुधा खतांपासून सुरू होते. माझ्या मते लहान शेतकऱ्यासाठी ती बियाण्यापासून सुरू व्हायला हवी, कारण बियाणे विकत आले की त्यापाठोपाठ खत आणि औषधही उधारीनेच घरात येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघमच्या एका आजींनी आपले शेत दाखवले. जमीन दीड एकर, काळी पण उथळ. हरभऱ्यात मधूनमधून ज्वारीची ताटे उभी होती, जवसाच्या काही काकऱ्या होत्या आणि चारी बाजूंनी करडई होती. करडईच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत, हे आमच्याकडेही जुनी माणसे जाणतात. ज्वारी मात्र कणसांबरोबरच पाखरांसाठी पेरलेली होती. आम्ही बांधावर उभे असतानाच एक कोतवाल पक्षी ताटावर येऊन बसला, खाली झेपावला आणि हरभऱ्यावरची घाटेअळी उचलून पुन्हा ताटावर जाऊन बसला. आजींनी नुसते बोट दाखवले. उन्हाळ्यात त्या शेतात मेंढ्या बसवतात, शेणखत घालतात आणि गरज भासली तरच निंबोळीचा अर्क फवारतात. पिकात आपोआप उगवलेले चाकवत त्यांनी ओटीत खुडून घेतले आणि दुपारी ज्वारीच्या भाकरीबरोबर आम्हाला त्याचीच भाजी वाढली. तणनाशक मारलेल्या रानात ही भाजी कुठून मिळणार?

असा माल सेंद्रिय आहे याची हमी कोण देणार, हा प्रश्न मी विचारला. बाहेरच्या यंत्रणेचे प्रमाणपत्र एकट्यादुकट्या लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात नसते. त्यामुळे येथे सहभागी हमी पद्धत वापरली जाते, म्हणजे गटातल्या शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेतात जाऊन पाहायचे, विचारायचे आणि एकमेकांसाठी जबाबदार राहायचे. शेजारणीच्या नजरेतून खताचे पोते सुटत नाही, असे आजी म्हणाल्या. मला ही पद्धत कागदी तपासणीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. आपल्याकडील शेतकरी गटांनीही ती मनापासून चालवायला हवी.

घरी परतल्यावर त्यांनी शेणामातीने लिंपलेली कणगी उघडली. वरचा मातीचा लेप खुरप्याने हलकेच फोडला, कडुनिंबाची वाळलेली पाने बाजूला सारली आणि राखेत हात घालून मूठभर राळे वर काढले. सुपात पाखडल्यावर राख उडून गेली आणि बारीक पिवळे दाणे चमकू लागले. माझ्या आजोळी राळ्याचा भात शिजत असे. तो थांबून किती वर्षे झाली, हे आता आईलाही आठवत नाही.

मी पैसे पुढे केले, तेव्हा आजी नाराज झाल्या. बियाणे विकायचे नसते, नेलेल्याच्या दुप्पट परत आणायचे असते, एवढेच त्यांनी सांगितले. बांधून दिलेले राळे मोजायला त्यांच्याकडे मापटे होते. त्यांनी ते दोनदा शिगोशीग भरले. ती पुरचुंडी आता आमच्या घरी राखेच्या डब्यात आहे. मृगाचा पाऊस झाला की वडील विहिरीजवळच्या तुकड्यात ती पेरणार आहेत आणि पुढच्या संक्रांतीला मला चार मापटी राळे जहीराबादला पोचवायचे आहेत.