आमची वाटचाल : आचाऱ्यांचे आचार्य झाले तेव्हा

फोंड्यात बाबांचा पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनचा छापखाना होता. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, नाटकांची हँडबिलं. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, बाबाच जुळवायचे. खिळ्यांच्या खणांची पेटी म्हणजे केस; तिच्या कुठल्या खणात कुठलं अक्षर, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

नव्वदीच्या अखेरीस मी संगणक घेतला आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, सुरू केलं. पडद्यावर मराठी दिसलं की आम्ही खूश. एकदा एका देवस्थानच्या स्मरणिकेची फाईल बाहेरगावच्या प्रेसला दिली, तर तिथे सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. चूक कोणाचीच नव्हती. संगणक अक्षर ओळखत नाही, नंबर ओळखतो. आस्की ही इंग्रजी अक्षरांना नंबर देण्याची जुनी पद्धत. तिच्यात असे १२८ नंबर, त्यात कॅपिटल ‘ए’चा ६५. आमचे तेव्हाचे फॉण्ट असल्याच नंबरांवर देवनागरीची चित्रं बसवायचे आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. तो फॉण्ट नसला की खालचे नंबर उघडे पडायचे. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे इंग्रजीच्या केसमध्ये मराठीचे खिळे भरलेत. दुसऱ्या कंपोझिटरला कसं कळणार?” मला हे समजायला दोन वर्षं लागली होती.

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना नंबर देणारी एकच सामाईक पद्धत. तिने देवनागरीला स्वतःचे खण दिले, तेही १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत. आमच्या टेबलावर ते पोचायला बराच काळ गेला, ते सोडा. त्यात ‘क’चा नंबर २३२५, फॉण्ट कुठलाही असो. ‘कि’ लिहिलं की आधी क साठवला जातो, मग वेलांटी. डोळ्याला मात्र वेलांटी आधी दिसते. जुन्या फॉण्टमध्ये आम्ही ती आधीच टाइप करायचो. त्यामुळे जुन्या फायली युनिकोडमध्ये आणताना अशी प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून अक्षरानंतर नेऊन ठेवावी लागे. जोडाक्षर आलं की ती भलतीकडे जाऊन बसायची.

हे फायली बदलून देण्याचं कामच पुढे आमचा मुख्य धंदा झालं. देवस्थानं, नाट्यमंडळं, वाचनालयं, सगळ्यांकडे जुन्या फॉण्टमधले गठ्ठे पडून होते.

पहिल्याच मोठ्या कामात आम्ही आपटलो. स्मरणिकेच्या आभाराच्या पानावर ‘महाप्रसादाच्या आचाऱ्यांचे’ होतं, आमच्या प्रोग्रामने ते ‘आचार्यांचे’ केलं. छापूनही झालं! एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला, “अरे बाबू, भात रांधणाऱ्यांना एकदम पीठावर बसवलंस?” घोळ शेजारशेजारच्या दोन खणांचा होता. साध्या ‘र’चा नंबर २३५२, त्याला लागूनच २३५३ ला ‘ऱ’. हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य पुढे आले की पहिल्याचा रफार होऊन वर चढतो, दुसऱ्याचा तसाच शेजारी चिकटतो. आम्ही दोन्हींना २३५२ देऊन मोकळे झालो होतो. पान पुन्हा छापलं, पदरच्या पैशांनी.

एसएमएसमध्येही हात पोळले. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. एका बाइटमध्ये आठ बिट, बिट म्हणजे शून्य किंवा एक. इंग्रजीचं अक्षर सात बिटांत बसतं म्हणून १६० अक्षरं, आमचं सोळा बिटांचं म्हणून ७०, त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकी एकेक मोजायचे. पालखीच्या वेळांचा निरोप मी एका एसएमएसच्या दराने कबूल केला आणि तो तीन होऊन गेला. वरची पदरमोड माझीच.

आता दुकानात आम्ही चौघं आहोत. बाबांची केस भिंतीला टेकून उभी आहे, खिळे केव्हाच मोडीत गेले. गेल्या महिन्यात एका देवस्थानचे चिटणीस बदललेल्या फायली न्यायला आले. मी त्यांना म्हटलं, शोधून बघा काहीतरी. त्यांनी आपल्या आजोबांचं नाव टाइप केलं. देणगीदारांच्या एका जुन्या यादीत ते निघालं, पुढे रक्कम, एकावन्न रुपये. जुन्या फाईलमध्ये हे नाव त्यांनी कितीदा शोधलं असतं तरी सापडलं नसतं, कारण तिथे ते मराठीत नव्हतंच. चिटणीस म्हणाले, “एकावन्नच?” आणि यादी पुढे चाळू लागले.