जुना अँटिव्हायरस निघता निघेना: माझा अनुभव

नवा अँटिव्हायरस बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जुना काढायला दोन संध्याकाळी गेल्या. त्यामुळे हे सगळं लिहितोय ते जुना काढण्याबद्दलच.

कॉम्प्युटर घरचा, विंडोज ११ चा. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स, जुन्या प्रोग्रॅमसमोरचे तीन ठिपके, अनइन्स्टॉल. शेवटी त्याने विचारलं, रीस्टार्ट आत्ता की नंतर? बाकी कामं उघडी होती म्हणून 'नंतर' निवडलं आणि रात्री शट डाउन केलं. घोळ झाला तो इथेच.

विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, आणि बहुतेक ठिकाणी तो चालूच असतो, तर शट डाउन केल्यावर सिस्टिम पूर्ण बंद होत नाही. कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि लोड झालेले ड्रायव्हर, म्हणजे त्याच्याशी जोडून चालणारे छोटे प्रोग्रॅम, डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलले जातात. अनइन्स्टॉलरला ज्या फायली वापरात असल्यामुळे पुसता येत नाहीत, त्यांची तो 'पुढच्या बूटला पुसा' अशी नोंद करून ठेवतो. ती नोंद पाळली जाते फक्त पूर्ण बूटच्या वेळी, म्हणजे रीस्टार्ट केल्यावर. अँटिव्हायरस काढल्यावर लगेच रीस्टार्टच करा, उघडी कामं आधी आवरून घ्या.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमच्या यादीत जुन्याचं नाव नव्हतं. नव्याचा इन्स्टॉलर मात्र 'दुसरं सुरक्षा सॉफ्टवेअर आढळलं, आधी ते काढा' म्हणून अडून बसला. जे यादीत नाही ते काढायचं कुठून? विंडोज सिक्युरिटी उघडलं, तर 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जुन्याचंच नाव. दुसऱ्या अँटिव्हायरसची नोंद आहे तोवर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला राहतो. म्हणजे जुना अर्धा गेलेला, नवा बसत नाही आणि डिफेंडर बंद. कॉम्प्युटर पूर्ण उघडा, आणि स्क्रीनवर त्याबद्दल एक अक्षर नाही. याचा राग अजून गेलेला नाही. अशा वेळी इंटरनेट तोडून ठेवा आणि लागणाऱ्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हने आणा.

नेमकं काय उरलंय ते बघायला कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एफएलटीएमसी' ही पाच अक्षरं टाइप केली. फाइल उघडताना मध्ये पडून तपासणारे ड्रायव्हर म्हणजे फिल्टर, त्यांची यादी येते. 'अल्टिट्यूड', म्हणजे फिल्टरचा क्रम ठरवणारा आकडा, त्या रकान्यात ३२०००० ते ३२९९९९ मधला आकडा दिसला की तो अँटिव्हायरसचा समजायचा. 'डब्ल्यूडीफिल्टर' हा डिफेंडरचा, त्याला हात लावायचा नाही. जुन्याचा फिल्टर त्याच पट्ट्यात आरामात बसलेला होता. मग रीस्टार्ट केलं. काही फोल्डर गेले, फिल्टर तिथेच.

कारण होतं जुन्याचं स्वसंरक्षण. व्हायरसने आपल्याला बंद पाडू नये म्हणून अँटिव्हायरस स्वतःच्या फायली आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, नोंदी कुलूपबंद ठेवतो. ते कुलूप उघडायचं बटण त्याच्याच सेटिंग्जमध्ये असतं, आणि ती खिडकी तर अनइन्स्टॉलरने आधीच पुसली होती. म्हणून अनइन्स्टॉल करण्यापूर्वी सेल्फ-प्रोटेक्शन किंवा सेल्फ-डिफेन्स नावाचा पर्याय बंद करा. जो तो अनइन्स्टॉल करा एवढंच सांगतो, ही पायरी कोणी सांगत नाही.

सिस्टिम ३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमधून ती फाइल हाताने उडवायचा मोह होतो. अजिबात करू नका. फाइल गेली आणि रजिस्ट्रीत नोंद राहिली तर विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. नेटवर्कचा फिल्टर असेल तर इंटरनेट जातं.

खरा उपाय म्हणजे कंपनीचं वेगळं काढणी-टूल. बहुतेक मोठ्या कंपन्यांचं असं टूल असतं, ते त्यांच्याच साइटवरून आणि ताजं घ्यायचं. जुनं टूल नवी आवृत्ती ओळखत नाही. मी ते आधी साध्या विंडोजमध्ये चालवलं, तर 'पूर्ण झालं' म्हणालं आणि फिल्टर जागच्या जागी. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू होतं त्या अवस्थेत, चालवल्यावरच काम झालं, कारण तिथे ते स्वसंरक्षण लोडच होत नाही. नेहमीचं अनइन्स्टॉल मात्र सेफ मोडमध्ये बऱ्याचदा चालत नाही, कारण विंडोज इन्स्टॉलर ही सेवा तिथे बंद असते.

सेफ मोडला जाण्यासाठी शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ ची की. 'एमएसकॉन्फिग' या विंडोजच्या सेटिंग टूलमधूनही जाता येतं, पण तिथली सेफ बूटची खूण काढायला विसरलात तर प्रत्येक वेळी सेफ मोडच उघडतो. जाण्याआधी तीन गोष्टी हाताशी हव्यात. टूल डिस्कवर उतरवलेलं असावं, कारण ४ नंबरच्या सेफ मोडला इंटरनेट नसतं. पासवर्ड पाठ असावा, तिथे पिन चालेलच असं नाही. आणि डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, एन्क्रिप्ट केलेली असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहिलेली असावी. ती मागितली गेली आणि जवळ नसली तर तिथेच अडकाल.

टूल चालवलं, रीस्टार्ट केलं, पुन्हा 'एफएलटीएमसी'. जुन्याची ओळ गायब! काही मिनिटांत डिफेंडर आपोआप चालू झाला. तो हिरवा टिक बघून फार बरं वाटलं.

वायफाय जोडलेलं दिसत होतं, पण पानं उघडत नव्हती. 'एनसीपीए डॉट सीपीएल' चालवून नेटवर्क जोडण्यांची खिडकी उघडली आणि ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीज पाहिल्या, तर जुन्याचा नेटवर्क फिल्टर अजून यादीत. त्याच्यावर क्लिक करून खालच्या बटणाने अनइन्स्टॉल केला, मग नेटवर्कच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणारी 'नेटएसएच विनसॉक रीसेट' ही कमांड दिली आणि रीस्टार्ट केलं. इंटरनेट आलं.

टूलनेही भागलं नाही तर जुना अँटिव्हायरस त्याच आवृत्तीचा पुन्हा बसवा, स्वसंरक्षण बंद करा आणि मग काढा. वेळखाऊ वाटतं, पण अर्धवट गेलेल्या प्रोग्रॅमवर हा उपाय लागू पडतो.

नव्याचा पूर्ण इन्स्टॉलर आधीच उतरवून ठेवा. छोटा इन्स्टॉलर बसवताना बाकीचं इंटरनेटवरून ओढतो. नवा बसला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, तो हाताने बंद करायची गरज नाही. आधी अपडेट, मग पूर्ण स्कॅन, याच क्रमाने. नवा जागा आहे का हे बघायला 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल असते. ती सेव्ह करताक्षणी पकडली गेली पाहिजे.

आता आठवलं, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. जुना काढण्यापूर्वी त्याच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फायली कोंडून ठेवण्याच्या जागेत, चुकून अडकलेली कामाची फाइल असेल तर परत घ्या, कारण बहुतेक वेळा क्वारंटाइनही त्याच्याबरोबर पुसलं जातं. स्कॅनमधून वगळलेल्या फोल्डरांची यादी लिहून घ्या. त्याच्याच पासवर्ड मॅनेजरमध्ये काही ठेवलं असेल तर एक्स्पोर्ट करा. प्रोग्रॅम काढला म्हणून वर्गणी थांबत नाही, ऑटो-रिन्यूअल खात्यात जाऊन वेगळं बंद करावं लागतं.

ब्राउझरमधलं जुन्याचं एक्स्टेन्शनही हाताने काढा. एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली वेब-वाहतूक, तपासण्यासाठी त्याने स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कॉम्प्युटर ज्यावर भरवसा ठेवतो ते ओळखपत्र, बसवलेलं असू शकतं. 'सर्टएमजीआर डॉट एमएससी'मध्ये ट्रस्टेड रूटच्या यादीत त्याचं नाव दिसलं तर तेवढंच एक काढा. फायरफॉक्सची सर्टिफिकेटांची यादी वेगळी असते, तीही त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बघा.