रेडीहून उत्तरेकडे: नकाशात किनाऱ्याचा रस्ता शोधताना

पुणे ते रेडी, म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं दक्षिण टोक, असं नकाशात टाकलं की निळी रेघ बंगळूर हायवेला लागते, कोल्हापूर ओलांडून आजऱ्याकडे वळते, आंबोलीचा घाट उतरते आणि सावंतवाडीवरून रेडीत पोचते. साधारण चारशे किलोमीटर. लवकर पोचायचं असेल तर हे उत्तर बरोबर आहे. मला मात्र कोकणचा किनारा गाडीवरून बघायचा होता. खाड्या, सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारं), बंदरं आणि मधल्या छोट्या वाड्या बघायच्या होत्या, आणि गाडीसकट फेरीबोटीत चढायचं होतं. ‘सगळ्यात आधी पोचवणारा रस्ता’ हेच जे यंत्र शोधतं, त्याच्याकडून ‘सगळ्यात जास्त समुद्र दाखवणारा रस्ता’ कसा काढून घ्यायचा, हे शिकण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. त्या संध्याकाळी मला राईडइतक्याच आवडल्या.

सुरुवातीला मी काहीच टाइप केलं नाही. सर्चचा चौकोन रिकामा ठेवला, सॅटेलाइट व्ह्यू लावला आणि रेडीपासून बोटाने वर वर सरकत गेले. कोकणाचा नकाशा असा बघितला की पहिल्यांदा रस्ते दिसतच नाहीत, खाड्या दिसतात. तेरेखोल, कर्ली, वाघोटण, जैतापूरची अर्जुना, पूर्णगडची मुचकुंदी, रत्नागिरीची काजळी, जयगडची शास्त्री, दाभोळची वाशिष्ठी, बाणकोटची सावित्री. सह्याद्रीतून पश्चिमेला निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना किनारा तोडते. तेव्हा किनाऱ्याने जाणाऱ्याला रस्त्यांची यादी पुरत नाही. प्रत्येक खाडीपाशी पूल आहे, बोट आहे की आत वळसा आहे, एवढंच आधी ठरवावं लागतं. मी वहीत खाड्यांची नावं लिहिली आणि प्रत्येकीपुढे यातला एक शब्द लिहीत गेले.

काजळीवर भाट्याचा पूल आहे. मुचकुंदीवर पूर्णगड आणि गावखडीच्या मधला पूल आहे. जैतापूरलाही पूल आहे. विजयदुर्गहून खाडीपलीकडचा किनारा समोर दिसतो, पण गाडीला वाघोटणच्या पुलापर्यंत आत जाऊन यावं लागतं. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ आणि वेश्वी-बागमांडला या तीन ठिकाणी गाड्या नेणारी फेरीबोट आहे. बाणकोटच्या खाडीत तर सॅटेलाइट चित्रात अर्धवट पुलाचे खांबही दिसतात. नुसत्या रेघांचा नकाशा बघितला असता तर ते कळलं नसतं.

फेरीबोटींचं महत्त्व समजायला नकाशाच्या सेटिंगमधली एक छोटी खूण पुरते. रस्त्याच्या पर्यायांत टोल टाळा, महामार्ग टाळा, फेरी टाळा असे तीन चौकोन असतात. धोपावे ते दाभोळ टाकून ‘फेरी टाळा’ करून बघा. समोरासमोर दिसणाऱ्या दोन बंदरांसाठी नकाशा आधी चिपळूणला नेतो, तिथून खेड, मग दापोली आणि मग दाभोळ. शंभर किलोमीटरच्या वर. ती खूण काढली की तोच प्रवास बोटीत काही मिनिटांवर येतो. कोणे एके काळी ‘फेरी टाळा’ लावून ठेवलं असेल आणि विसरलं असेल, तर किनाऱ्याची राईड नकाशातच मोडते. बोटीच्या वेळा मात्र नकाशावरून घेऊ नयेत. पहिली आणि शेवटची बोट ऋतूप्रमाणे, गर्दीप्रमाणे बदलते. आदल्या दिवशी फोन करणं किंवा मुक्कामाच्या घरी विचारणं हाच खात्रीचा मार्ग.

मग दिशा ठरवायची होती. माझी मैत्रीण दुसऱ्या गाडीवर होती आणि आम्ही दोघींनी आधी उत्तरेकडून दक्षिणेला जायचं धरलं होतं, सगळे तसंच जातात म्हणून. नकाशा समोर ठेवून बसलो तेव्हा एक साधी गोष्ट डोळ्यांत भरली. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो. पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेला निघालं की समुद्र उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे. थांबावंसं वाटलं की प्रत्येक वेळी रस्ता ओलांडायचा. उत्तरेकडे तोंड केलं की समुद्र आपल्या बाजूला येतो आणि जागा दिसेल तिथे गाडी कडेला घेता येते. आरे-वारेच्या चढावर याचा किती फरक पडतो ते तिथे गाडी उभी केल्यावरच कळतं.

उन्हाचंही तेच. आंबोली आपण पूर्वेकडून पश्चिमेला उतरतो. दुपारनंतर उतरलं तर ऊन सरळ हेल्मेटच्या काचेवर. म्हणून आंबोलीत मुक्काम आणि सकाळी घाट. परतीचा ताम्हिणी घाट पश्चिमेकडून पूर्वेला चढायचा, तर तो दुपारी घ्यायचा, सूर्य पाठीशी. यातलं काहीच नकाशा सांगत नाही, पण नकाशाकडे दिशा म्हणून बघितलं की सगळं त्यातच असतं. आणि अशा रीतीने पहिल्या दिवशी नको वाटलेली ती कोल्हापूर-आजऱ्याची निळी रेघ आमच्या जाण्याच्या कामी आली. हायवेने झटक्यात खाली, किनाऱ्याने निवांत वर.

प्रत्यक्ष रेघ ओढायचं काम कॉम्प्युटरवर करावं, असं माझं ठाम मत आहे. गूगल मॅप्समध्ये कॉम्प्युटरवर निळी रेघ माउसने पकडून हव्या त्या रस्त्यावर ओढता येते. फोनवर ते जमत नाही, तिथे थांबे घालावे लागतात आणि एका मार्गात नऊच थांबे बसतात. किनाऱ्यावर नऊ थांबे सकाळच्या चहापर्यंतच संपतात, कारण दोन थांब्यांमध्ये जरा अंतर पडलं की मार्ग लगेच मुंबई-गोवा महामार्गाकडे ओढ घेतो. म्हणून मी गूगलच्याच माय मॅप्समध्ये, जिथे स्वतःचा नकाशा करता येतो, प्रत्येक दिवसाचा वेगळा थर केला. एका नकाशात असे दहा थर बसतात. फेरीबोटींचा एक थर, पेट्रोल पंपांचा एक, बाकीचे रस्त्याचे. मैत्रिणीला लिंक पाठवली, तिने तिच्या रंगात खुणा घातल्या. तिला देवगडच्या आधी मिठबाव आणि कुणकेश्वर चुकवायचं नव्हतं, मला हेदवी आणि वेळणेश्वर.

खूण कुठे टाकायची यालाही एक पद्धत आहे. मी गावाच्या नावावर खूण टाकत नाही. गावाची खूण बहुतेक वेळा देवळापाशी किंवा बाजारात असते, त्यामुळे मार्ग आत जाऊन परत बाहेर येतो. बरोबर फाट्यावरही टाकत नाही, कारण जराशी इकडेतिकडे झाली की नकाशा पुढे जाऊन यू-टर्न घ्यायला लावतो. फाटा ओलांडून हव्या त्या रस्त्यावर शंभर-दोनशे मीटर पुढे, डांबराच्या बरोबर मधोमध. एवढं केलं की रेघ गुमान हवी तशी बसते.

गूगल मॅप्समध्ये टू-व्हीलरचा वेगळा पर्याय २०१७ च्या डिसेंबरमध्ये भारतात आला. शहरात तो फार उपयोगी आहे. कोकणात मी तो आणि कारचा असे दोन्ही मार्ग लावून बघते. जिथे दोन्ही एकाच रस्त्याने जातात तिथे निर्धास्त. जिथे टू-व्हीलरची रेघ वेगळी फुटते तेवढाच तुकडा मोठा करून सॅटेलाइटवर तपासायचा. सड्यावरचा रस्ता ओळखायला सोपा असतो, उघड्या जांभ्यावरून सरळ जाणारी रेघ. माडा-पोफळींच्या आत शिरणारी, झाडांखाली दिसेनाशी होणारी रेघ मात्र वाडीतली गल्लीही असू शकते आणि पायऱ्यांची पाखाडीही. तिथे स्ट्रीट व्ह्यू असेल तर उघडायचा, आणि चित्र कुठल्या महिन्यातलं, कुठल्या वर्षातलं आहे ते आधी बघायचं. गूगल अर्थच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत जुनी सॅटेलाइट चित्रंही मागे-पुढे करता येतात. एकच जागा एप्रिलमध्ये आणि पावसानंतर अशी दोन्ही बघितली की रस्ता किती खरा आहे ते समजतं.

तरीही एका ठिकाणी शंका राहिलीच. रत्नागिरी जिल्ह्यात सड्यावरून खाली बंदराकडे जाणारा तुकडा नकाशात अगदी ठसठशीत होता, पण वरून झाडांनी झाकलेला. तिथे पोचल्यावर टपरीवर चहा घेताना विचारलं. टपरीवाले काका म्हणाले, “ताई, तो रस्ता वाडीपर्यंतच बरा आहे. पुढं पाखाडी लागते, जांभ्याच्या पायऱ्या. माणूस उतरतो, गाडी नाही. तुम्ही शाळेवरनं वळा.” शाळेवरून वळलो. त्यांनी सांगितलेला रस्ता नकाशात होता, फक्त बारीक आणि फिकट रेघेत. त्यानंतर प्रत्येक चहाला मी फोन पुढे करून “काका, हा कसा आहे?” असं विचारत गेले. लोक किती आपुलकीने सांगतात! कुठे खडी टाकलीय, कुठल्या वळणावर गुरं बसतात, कुठल्या गावात आज बाजार आहे.

उंचीसाठी मी ओपनटोपोमॅप वापरते. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा आहेत. सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर त्या रेषा एकमेकींना चिकटून जाड पट्टा होतात आणि घाटाचा रस्ता त्यांना आडवा-तिरका कापत जातो. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली असे घाट एकाखाली एक ठेवून बघितले तर कुठल्या घाटात चढ सलग आहे आणि कुठे एकदम खाली पडायचं आहे हे घरबसल्या कळतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशेही हौस असेल त्याने जरूर बघावेत. त्यात पायवाट आणि गाडीरस्ता वेगळ्या खुणांनी दाखवलेले असतात. घाट चालू आहे की बंद, हे मात्र कुठल्याही नकाशावर सोडू नये. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवण्याचे आदेश निघतात. अशी बातमी स्थानिक वर्तमानपत्रातच नीट मिळते.

वेळेचा हिशोब मी स्वतः करते. किनाऱ्यावर ताशी पंचवीस ते तीस किलोमीटरच धरायचे, नकाशा काहीही म्हणो. चढ, उतार, गाव, वळण, समोरून एसटी आली की गाडी कडेला, आणि पुन्हा थांबावंसं वाटणाऱ्या जागा. दिवसाला दीडशेच्या पुढे गेलं की बघणं संपतं, नुसतं चालवणं उरतं. पेट्रोलचं सूत्र त्याहून सोपं. पंपांच्या थरात खूण घालण्याआधी तिथले लोकांचे ताजे अभिप्राय वाचायचे, पंप चालू आहे ना ते कळतं. आणि टाकी अर्धी झाली की नकाशात पुढे पंप दिसतोय म्हणून हाताशी असलेला पंप सोडायचा नाही.

रेंजची तयारीही घरीच करायची. खाडीच्या तळाशी आणि सड्याच्या उतारावर नेटवर्क जातं. मी माय मॅप्समधले थर केएमएल (नकाशातल्या खुणा आणि रेघा साठवणारी) फाइल म्हणून उतरवून ऑर्गॅनिक मॅप्समध्ये टाकले. ते अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅपवर चालतं, पूर्ण राज्य फोनमध्ये साठवता येतं आणि नेटशिवाय आपली ओढलेली रेघ जशीच्या तशी दाखवतं. गूगलचा मार्ग आपण वळलो की नव्याने आखला जातो. ही रेघ जागची हलत नाही. किनाऱ्यावर मला तेच हवं होतं. चालवताना फोनकडे बघायचं नाही म्हणून आवाज एका कानात, आणि अवघड फाट्यांची नावं टाकीवरच्या बॅगेत कागदावर ठळक अक्षरांत.

वेंगुर्ला, परुळे, मालवण, आचरा, देवगड, विजयदुर्ग, पूर्णगड, गणपतीपुळे अशी रेघ उलगडत गेली. जयगडला पहिल्या बोटीत गाडी चढवली तेव्हा फोनवरचा निळा ठिपका पाण्यावर सरकत होता आणि मैत्रीण तो बघून टाळ्या वाजवत होती. तवसाळला उतरून हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. धोपाव्याहून दाभोळ. हर्णै, आंजर्ले, केळशी. वेश्वीहून बागमांडला, तिथून हरिहरेश्वर, श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, आणि ठरवल्याप्रमाणे दुपारच्या उन्हाला पाठ करून ताम्हिणी.

घरी आल्यावर एक काम मी मनापासून केलं. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून लोकांनीच भरलेला नकाशा आहे आणि त्यात कोणालाही खातं उघडून दुरुस्ती करता येते. त्या पाखाडीची रेघ मी गाडीरस्त्यातून काढून पायऱ्या म्हणून नोंदवली. खडी असलेल्या तुकड्यांवर पृष्ठभागाची नोंद घातली, रस्त्यात दिसलेले दोन पंप आणि एक पंक्चरचं दुकान टाकलं. गावांची नावं मराठीत नव्हती तिथे पाटीवर वाचली तशी देवनागरीत लिहिली. ज्या नकाशाने आपल्याला नेलं त्यात आपण पाहिलेलं भरणं मला फार मोलाचं वाटतं, आणि रायडर लोकांनी हे करावं असं मी भेटेल त्याला सांगते. आपल्याइतक्या आडवाटा कोण बघतं?

फेरीबोटींचा थर मी मुद्दाम वेगळा ठेवलाय. रेवस-रेडी सागरी मार्गावरच्या खाड्यांवर पूल बांधायचं काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) हाती घेतलं आहे. एकेक पूल सुरू होईल तसा त्या थरातून एकेक खूण निघेल. ज्यांना गाडीसकट बोटीत चढून खाडी ओलांडायची आहे त्यांनी ही राईड फार लांबवू नये. आमचा दिघी, आगरदांडा, मुरूड, रेवदंडा, रेवस हा वरचा तुकडा अजून बाकी आहे. तो रेवसपासून न धरता पुन्हा खालून वर, समुद्र डावीकडे ठेवूनच करायचा.