सीआरपी नॉर्मल आला, म्हणजे स्क्लेरोडर्मा शांत झाला असे नाही

सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच बोलताना आपण ज्याला स्क्लेरोडर्मा म्हणतो, त्या त्वचा आणि आतले अवयव कडक करत जाणाऱ्या आजाराच्या रुग्णाचे रिपोर्ट हातात पडले की नातेवाईक सगळ्यात आधी ईएसआर आणि सीआरपी हे शरीरातल्या दाहाचा अंदाज देणारे दोन आकडे शोधतात. सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करताना हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. जत, तासगाव, कवठेमहांकाळ अशा लांबच्या ठिकाणांहून आलेल्या माणसांना घरी जाऊन सांगण्यासारखे काहीतरी नेमके हवे असते आणि आकडा ते देतो. पण या आजारात तोच आकडा पुष्कळदा फसवा दिलासा देतो, आणि त्याबद्दल सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

हिवाळ्यात या रुग्णांचे रक्त काढणे सोपे नसते. बोटांची कातडी ताणलेली, चकचकीत, चिमटीत न येणारी झालेली असते आणि सकाळच्या गारठ्यात बोटे आधी पांढरी, मग निळी पडतात. हात गरम पाण्याच्या पिशवीवर थोडा वेळ ठेवावा लागतो, तेव्हा कुठे शीर हाताला लागते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही अशा वेळी चुकीचा आकडा दाखवू शकतो. अशाच एका बाईंचे यजमान मला म्हणाले, "ताई, सीआरपी नॉर्मल आलाय, म्हणजे आजार थांबला ना?" त्या बाईंना जिना चढताना धाप लागत होती. मी त्यांना एवढेच म्हटले, की धाप लागते हे डॉक्टरांना आधी सांगा, रिपोर्ट नंतर दाखवा.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. शरीरात कुठे दाह सुरू झाला, की मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या रेणूच्या सांगण्यावरून यकृत ते तयार करते, आणि दाह ओसरला की काही दिवसांत त्याचे प्रमाण खाली येते. ईएसआरचे तसे नाही. उभ्या नळीत तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढेच त्यात मोजले जाते, आणि ते फायब्रिनोजेन व इम्युनोग्लोब्युलिन ही रक्तातली प्रथिने, वय आणि हिमोग्लोबिन या सगळ्यांवर अवलंबून असते. साठ वर्षांच्या स्त्रीचा ईएसआर ३५ पर्यंत असला तरी तो वयाला धरूनच आहे, असे ढोबळ मानाने समजतात. नळी किंचित तिरकी राहिली किंवा एप्रिल-मेच्या उकाड्यात खोली तापलेली असली, तरी तो वाढतो. स्क्लेरोडर्मात जठरातून हळूहळू रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन उतरते, तेव्हाही ईएसआर वर जातो आणि घरचे समजतात की सांधे सुजले.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. या आजारात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात: बारीक रक्तवाहिन्यांची हानी, रोगप्रतिकारशक्तीचा स्वतःच्याच शरीरावर हल्ला, आणि फायब्रोब्लास्ट पेशींनी कोलॅजेन या चिवट, धागेदार प्रथिनाचे थर साठवत जाणे. कोलॅजेन साठत असताना यकृताला कोणताही निरोप जाईलच असे नाही. त्यामुळे फुप्फुसे आतून कडक होत असतानाही सीआरपी नॉर्मल राहू शकतो. बहुतेक रुग्णांत तो नॉर्मलच असतो. साधारण चौघांपैकी एकात वाढलेला सापडतो, आणि तोही आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत अधिक. निदानासाठी २०१३ साली ठरलेल्या निकषांमध्ये ईएसआर किंवा सीआरपी यांना स्थान नाही, यात मला काहीच नवल वाटत नाही.

म्हणून सीआरपी निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. तो वाढलेला असेल, तर फुप्फुसांची क्षमता घटण्याची आणि एकूण आजार जोरात असण्याची शक्यता जास्त असते. आजाराची सक्रियता मोजण्याच्या २०१७ सालच्या युरोपीय निर्देशांकात, सीआरपी प्रति डेसिलिटर १ मिलिग्रॅमच्या वर असला तर २.२५ गुण मिळतात, आणि एकूण २.५ किंवा जास्त गुण झाले की आजार सक्रिय मानतात. इथे एकक नीट पाहावे: एका लॅबचा ०.९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि दुसऱ्या लॅबचा ९ मिलिग्रॅम प्रति लिटर हा एकच आकडा आहे, तरी लॅब बदलल्यावर तो "दहापट वाढला" म्हणून रात्री झोप उडालेली माणसे मी पाहिली आहेत. खरोखरच वाढलेला असेल, तर बोटांच्या टोकावरची जखम पिकली आहे का आणि छातीत संसर्ग आहे का, हेही बघावे लागते.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आकडा उतरवण्याच्या धडपडीची. हळदीच्या या गावात रोज हळद-दूध घेणाऱ्यांना मी कधी अडवत नाही, पण त्या भरवशावर मायकोफेनोलेट हे रोगप्रतिकारशक्ती आवरणारे औषध बंद करणे धोक्याचे आहे. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून परस्पर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणून घेणे. त्याने सीआरपी झटकन उतरतो खरा, पण या आजारात, विशेषतः त्वचा झपाट्याने कडक होत असताना, रोज १५ मिलिग्रॅमच्या वरचा डोस मूत्रपिंडावर अचानक संकट आणू शकतो. रक्तदाब एकाएकी चढणे ही त्याची मोठी खूण असते, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत घरी रक्तदाब मोजून वहीत लिहून ठेवावा. फुप्फुसांसाठी पीएफटी ही श्वासाची तपासणी, त्यात एफव्हीसी (एका दमात किती हवा बाहेर सोडता येते) आणि डीएलसीओ (फुप्फुसांतून वायू रक्तात किती सहज उतरतो), व गरजेप्रमाणे एचआरसीटी हा छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, हृदयासाठी टूडी इको, त्वचेसाठी सतरा ठिकाणी चिमटीने तपासून दिलेले गुण: आजार कुठे पोहोचला हे या तपासण्यांतून कळते.

टोसिलिझुमॅब घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्क्लेरोडर्मामुळे झालेल्या फुप्फुसविकारात क्षमता घटण्याचा वेग कमी करण्यासाठी २०२१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध इंटरल्यूकिन-६ चाच मार्ग अडवते, त्यामुळे सीआरपी जवळजवळ शून्यावर येतो आणि संसर्ग झाला तरी तो वाढेलच असे नाही. हे इंजेक्शन सुरू असताना ताप, खोकला किंवा बोटाच्या जखमेतून पू दिसला, तर सीआरपीच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.