‘जस्टिस फॉर ऑल’: शेवटच्या सुनावणीपर्यंतची नोंद

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे ‘एस अटर्नी’ या न्यायालयीन खटल्यांवरच्या व्हिडिओ गेम मालिकेतला ‘जस्टिस फॉर ऑल’ हा दुसरा गेम मी निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या जुन्या काडतुसावर (कार्ट्रिजवर), इंग्रजीत, पहिल्यापासून खेळायला घेतला होता. आता चारपैकी तीन प्रकरणे संपली असून चौथ्याच्या शेवटच्या सुनावणीत मी अडून बसलो आहे. अडण्याचे कारण कोडे अवघड असणे हे नाही. ते या नोंदीच्या अखेरीस येईल. सोबतीला २०१९ साली आलेला तिन्ही गेमचा एकत्रित संच संगणकावर उघडा ठेवतो, कारण त्यात जपानी मजकूरही निवडता येतो. माझे जपानी एन-फोर या प्राथमिक पातळीच्या भाषा-परीक्षेपुरतेच आहे, परंतु एखादे इंग्रजी वाक्य लंगडताना दिसले की मूळ काय असावे याचा अंदाज घेण्यापुरते ते चालते. ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांनी पुढे वाचताना सावध राहावे, कारण पहिल्या प्रकरणाचा उलगडा मला सांगावाच लागणार आहे.

हा गेम जपानमध्ये ‘ग्याकुतेन साइबान २’ या नावाने १८ ऑक्टोबर २००२ रोजी गेम बॉय अॅडव्हान्स या निन्टेन्डोच्या आधीच्या यंत्रावर आला. शू ताकुमी यांनी लिहिलेली ही कथा इंग्रजी वाचकाला अधिकृतपणे मिळाली ती २००७ च्या जानेवारीत, डीएसवर. पहिल्या गेमचे भाषांतर अलेक्झांडर ओ. स्मिथ यांनी केले होते आणि ते आजही नमुना म्हणून दाखवले जाते. त्यानंतर लगेच हा दुसरा गेम हाती घेतल्यास गाळलेले शब्द, चुकलेले काळ आणि विरामचिन्हांचा गोंधळ अधिकच बोचतो. अन्य एखाद्या गेममध्ये मी याकडे दुर्लक्ष केले असते. येथे ते शक्य होत नाही, कारण साक्षीदाराच्या जबानीतले प्रत्येक वाक्य संशयाने वाचणे हाच मुळात या गेमचा खेळ आहे. वकील फिनिक्स राइट उलटतपासणी घेतो, आपण एकेक विधान चाचपतो आणि पुराव्याशी न जुळणारा शब्द सापडला की आक्षेप घेतो. चुकीचा पुरावा पुढे केला तर वरच्या कोपऱ्यातली पट्टी कमी होते, आणि ती रिकामी झाली की अशिलाला शिक्षा ठरलेली. म्हणजे मजकुरातली विसंगती शोधण्याची सवय गेमच आपल्याला लावतो आणि त्यानंतर भाषांतराच्या विसंगती आपल्यापुढे टाकतो. दुसऱ्या प्रकरणात एका ओबडधोबड वाक्यावर मी दोनदा आक्षेप घेतला, दोन्ही वेळा पट्टी घटली, आणि नंतर जपानी मजकूर पाहिल्यावर लक्षात आले की साक्षीदार तेथे खोटे बोलतच नव्हता; वाक्यच नीट उतरलेले नव्हते.

यातली गंमत अशी की पहिल्या प्रकरणाचा सारा उलगडाच एका चुकीच्या स्पेलिंगवर उभा आहे. उद्यानात एका पोलीस कर्मचाऱ्याचा मृतदेह सापडतो आणि त्याच्या बोटाखालच्या वाळूत त्याच्या प्रेयसीचे नाव लिहिलेले असते. त्यावरून तिलाच आरोपी केले जाते. मात्र नाव लिहिलेले असते ‘मॅगी’ या प्रचलित स्पेलिंगने, आणि तिच्या नावाचे स्पेलिंग आहे निराळे, शेवटी ‘ई-वाय’ असलेले. प्रियकर ही चूक कशी करील? नाव केवळ कानांनी ऐकलेल्या माणसानेच ते लिहिले असणार. मूळ जपानीत हीच क्लृप्ती आडनावात आहे. तिचे आडनाव सुझुकी, पण ते लिहिण्याची तिची चित्रलिपी विरळा आहे. खुन्याने मात्र जपानमध्ये दारोदार आढळणाऱ्या सुझुकींची नेहमीची अक्षरे वाळूत काढली. चित्रलिपीवर बेतलेला पुरावा रोमन अक्षरांत इतक्या सहज बसवणारा भाषांतरकार निश्चितच कसबी होता, हे कबूल करावे लागते. मराठीत हे कसे करता येईल, याचा मी एक संध्याकाळ विचार केला. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ यांचा उपयोग नाही, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीवरून कोणाला पकडायचे ठरवले तर निम्मा महाराष्ट्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील आणि त्यात पहिला मी असेन. ‘रुजुता’ आणि ‘ऋजुता’ ही जोडी मात्र चालेल: कानाला एकच, कागदावर वेगळी, आणि जिचे नाव आहे तिला व तिच्या जवळच्यांनाच ती नेमकी ठाऊक.

दुसरे प्रकरण कुराइन गावातले. येथे मृतात्म्यांना अंगात बोलावणाऱ्या स्त्रियांचे घराणे राहते आणि फिनिक्सची सहायक माया हिच्यावरच खुनाचा आरोप येतो. इंग्रजी आवृत्तीने सारी कथा अमेरिकेत, कॅलिफोर्नियात हलवली आहे. परंतु घरात तातामीच्या चटया, अंगात किमोनोसारखे वेश, आणि पुराव्यात गोळीने भोक पडलेला घडीचा पडदा. पात्रे तोंडाने काहीही म्हणोत, चित्रे जपान सोडायला तयार नाहीत. याला मी दोष म्हणत नाही, कारण चित्रे नव्याने काढल्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. तपासात ‘सायकी-लॉक’ नावाची नवी युक्ती याच प्रकरणापासून मिळते: समोरचा माणूस काही लपवत असेल तर मागातामा मणी दाखवताच त्याच्याभोवती साखळ्या आणि कुलुपे दिसू लागतात आणि योग्य पुरावे देत ती एकेक करून फोडायची असतात. तेथेही चुकीला पट्टीचाच दंड आहे, म्हणून मी आता प्रत्येक कुलुपाआधी खेळ जतन करून ठेवतो. आपणही ठेवा.

तिसरे, सर्कशीतले प्रकरण मी कसेबसे ओलांडले. विदूषकाच्या जबानीत विनोदावर विनोद येतात आणि त्यांतला एकही भाषांतरात हसवत नाही.

चौथे प्रकरण मात्र मालिकेतल्या सर्वोत्तमांपैकी एक आहे. हॉटेलात पुरस्कार सोहळा, त्यात बालप्रेक्षकांच्या एका लाडक्या वीराची भूमिका करणाऱ्या नटाचा खून, आणि त्याचा प्रतिस्पर्धी ‘निकेल सामुराई’ आरोपी. मृत नटाचा वीर इंग्रजीत ‘जॅमिन निन्जा’ झाला आहे. जपानीत तो ‘निन्जा नान्जा’, म्हणजे साधारण ‘निन्जा, हे काय बुवा?’ असा शब्दखेळ. यमक गेले, परंतु इंग्रजीने त्याच्या जागी स्वतःची लय आणली, आणि हा सौदा मला मान्य आहे. याच प्रकरणात मायाचे अपहरण झालेले असते आणि आरोपीला निर्दोष सोडवण्याची अट घातलेली असते, त्यामुळे सत्य उघड करणे आणि तिचा जीव वाचवणे या दोन गोष्टी परस्परांच्या विरोधात उभ्या राहतात. अनेक रात्रींनंतर पहिल्यांदाच माझे लक्ष चुकांवरून पूर्णपणे उडाले.

आणि तेथेच ते पुन्हा खेचले गेले. वाईट शेवट कसा आहे हे पाहण्यासाठी मी शेवटच्या सुनावणीत मुद्दाम चुकीचे पुरावे देत गेलो. पट्टी संपली, मायाला वाचवण्याची संधी हुकली, पडदा काळा झाला, आणि त्या काळोखावर समारोपाचे वाक्य उमटले: ‘द मिरॅकल नेव्हर हॅपन.’ क्रियापदाच्या शेवटचे ‘ईडी’ गायब. मराठीत ‘चमत्कार कधी घड नाही’ असे लिहून पाहा, म्हणजे त्याची तऱ्हा कळेल. कथेतल्या सर्वांत दुःखद क्षणी मी मोठ्याने हसलो, आणि त्या हसण्याचा मला काहीसा रागही आला. हे वाक्य या मालिकेच्या चाहत्यांमध्ये अनेक वर्षांपासून थट्टेचा विषय आहे हे मला माहीत होते, तरीही ते इतक्या नेमक्या जागी बसले असेल अशी कल्पना नव्हती.

जतन केलेल्या जागेवरून सुनावणी पुन्हा सुरू केली आहे. आत्तापर्यंत पट्टी पूर्ण आहे आणि आरोपीविषयी निर्णय घेण्याचा प्रसंग पुढ्यात आहे. तो आज रात्री.