नावातली एक वेलांटी

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मी मामांवर आवाज चढवला, तोही गिऱ्हाईकासमोर. आठवडा झाला, ते मनातून जात नाही.

आमचं दुकान तालुक्याच्या गावी. फ्लेक्स, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो. मामा वीस वर्षं डीटीपी करताहेत, कटिंगमध्ये, म्हणजे फोटोतला माणूस कडेकडेने कापून वेगळा काढण्यात, त्यांचा हात धरणारा आमच्या भागात दुसरा कोणी नाही. जुन्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. नवा घेतला तेव्हा मी हट्टाने त्यावर गिम्प हे फोटो आणि डिझाइनचं मुक्त सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे हे एक कारण, पण खरं कारण मराठी. जुन्यात युनिकोड मॅटर टाकलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडायची, जोडाक्षरांचे तुकडे व्हायचे. गिऱ्हाईकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं मॅटरसुद्धा जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करावं लागायचं. गिम्पमध्ये तेच पेस्ट केलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली' जशीच्या तशी उमटते. अक्षरं जुळवायचं काम आत पँगो आणि हार्फबझ करतात, तीही मुक्त सॉफ्टवेअरच. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

शुक्रवारी एक गृहस्थ आईच्या दशक्रियेचा फ्लेक्स सांगून गेले. आजींचा धड फोटो एकच, तोही नातवाच्या लग्नातला ग्रुप फोटो. पांढरं लुगडं, मागे पांढरी भिंत. मामांनी पाथ टूलने पदराची कड बिंदू बिंदू करत काढली, केसांपाशी लेयर मास्कवर, म्हणजे चित्राचा नको तो भाग झाकणाऱ्या पडद्यावर, मऊ ब्रश फिरवला. दोन तास गेले. जेपीजी काढली, फाइल बंद केली.

सातला गृहस्थ प्रूफ बघायला आले. बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "नावातला 'गी' दीर्घ पाहिजे. आई सही करताना दुसरी वेलांटी काढायची."

लेयर, म्हणजे नाव, फोटो, पार्श्वभूमी यांचे वेगवेगळे थर, असते तर दहा सेकंदांचं काम. पण फोल्डरमध्ये फक्त जेपीजी. मी म्हणालो, "मामा, सेव्ह करू का म्हणून विचारलं होतं ना गिम्पने? वाचायचं तरी!"

मामा काही बोलले नाहीत.

इथे गिम्पची रीत सांगायला हवी. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून 'सेव्ह' म्हणजे फक्त एक्ससीएफ, गिम्पची स्वतःची फाइल, लेयरसकट. जेपीजी हवी तर 'एक्स्पोर्ट'. विचार बरोबर आहे, जेपीजीत लेयर राहत नाहीत. पण मामा दिवसाला तीसेक पासपोर्ट फोटो कापतात. जेपीजी उघडायची, कापायची, एक्स्पोर्ट करायची, बंद करायची. प्रत्येक वेळी गिम्प विचारतं, बदल सेव्ह केले नाहीत, काय करू? प्रत्येक वेळी बरोबर उत्तर एकच, टाकून दे. आजींच्या फाइललाही तीच खिडकी आली, तशीच दिसणारी.

मग मी बसलो. नाव अर्धं पार्श्वभूमीवर, अर्धं पदरावर होतं. मूळ फोटो जेपीजीवर लेयर म्हणून आणला, मोड डिफरन्स केला आणि लहानमोठा करत, सरकवत राहिलो. दोन चित्रं तंतोतंत एकावर एक बसली की डिफरन्समध्ये काळं दिसतं. आजींचा चेहरा हळूहळू विझत काळा झाला. बघवत नव्हतं, पण कामाची खूण तीच होती. मोड पुन्हा नॉर्मल केला, काळा मास्क लावला आणि पांढऱ्या ब्रशने नावाखालचा पदर तेवढा उघडला. उरलेल्या पट्टीत वरचा आणि खालचा रंग उचलून ग्रेडियंट, म्हणजे एकातून दुसऱ्यात विरत जाणारा रंग, भरला. नाव नव्याने टाकलं. साडेनऊला फ्लेक्स मशीनवर गेला, स्क्रीनवरचे रंग छपाईच्या शाईत (सीएमवायके) बदलायचं काम मशीनचं रिप सॉफ्टवेअर बघून घेतं.

१९९५ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं गिम्पचं काम आजही लोक स्वतःचा वेळ देऊन चालवतात. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं. आता पेस्ट केलेलं तरंगत राहत नाही, सरळ नवा लेयर होतो. फिल्टर मागाहून बदलता येतात. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण फोटोभोवती साधं गोल कडं काढायचं तर आधी लंबगोल सिलेक्शन, मग एडिट मेनूत जाऊन स्ट्रोक, म्हणजे त्या कडेवर रेघ, हे नव्या मुलाला शिकवताना मला दरवेळी वाईट वाटतं. आमच्याकडच्या प्रत्येक फ्लेक्सवर एक तरी गोल फोटो असतोच. फोरमवर विचारलं तर उत्तर येतं, आधी माहितीपुस्तिका वाचा. मी शुक्रवारी मामांना वेगळं काय म्हणालो?

शटर ओढताना मामा म्हणाले, "दिवसभर तेच विचारतंय रे ते. ह्या वेळी खरंच विचारतंय, हे मला कसं कळायचं?"

शनिवारी सकाळी मी आलो तेव्हा मामांनी नवीन फ्लेक्स उघडला होता. कटिंगला हात लावायच्या आधी त्यांनी कंट्रोल एस दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहा सांगायला बाहेर गेलो. माफी अजून मागितलेली नाही.